वाढणाऱ्याचा वाटा

वाइतोआ, सावाई बेट
१६ फेब्रुवारी १९८६

लाफा,

देवाच्या कृपेनं इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. बाबा तुझ्याकडून ठरल्यापेक्षा इतक्या लवकर परत का आले, ते आधी सांग. फेरीबोटीतून उतरले, मला म्हणाले, "थंडी होती तिथे." आता मी काही सिडनी पाहिलेली नाही, पण जानेवारीत तिथे उन्हाळा असतो, रस्त्यावर अंड्याचं आम्लेट होतं, हे तूच लिहिलं होतंस.

संध्याकाळी सगळं गाव अंगणात जमलं. सगळ्यांना ऐकायचं होतं, लाफाएलेचं हॉटेल कसं आहे, किती मोठं आहे. पाद्रीबाईसुद्धा पंखा घेऊन येऊन बसल्या. बाबा म्हणाले, "मोठं आहे. टेबलांवर पांढरी कापडं आहेत." झालं, आटोपलं व्याख्यान. लोक नारळपाणी पिऊन घरी गेले.

मग मीच दोन दिवस खोदून खोदून थोडंफार बाहेर काढलं. म्हणे तुमच्याकडे माणसं परक्यांकडे पाठ करून जेवतात. प्रार्थना कोणीच म्हणत नाही. लहान पोरांना आधी विचारतात, तुला काय हवं, आणि आजोबा आपले ताटकळत बसलेले. एका घरची चार माणसं, चौघांच्या ताटात चार पदार्थ. बाबा म्हणाले, "मग ती एकत्र जेवली असं कशाला म्हणायचं?" आणि तोंडात घास गेला रे गेला की वाढणारा येऊन विचारतो, सगळं छान आहे ना? तोंड भरलेलं असताना माणूस काय बोलणार? मान हलवणार. म्हणून तुमच्याकडे सगळ्यांना सगळं छानच लागतं.

मी हसले, पण ते हसले नाहीत. मी त्यांना माझी गोष्टही सांगून पाहिली. चर्चच्या बायकांबरोबर आपिया शहरातल्या मोठ्या हॉटेलात गेले होते ना, तेव्हा मी हातानं कोंबडी खाताना बघून त्या वेटरनं मला एकामागून एक काटे आणून दिले. त्याला वाटलं माझे खाली पडतायत. शेवटी माझ्यापुढे काट्यांचा ढीग झाला. ही गोष्ट मी कुठेही सांगितली तरी लोक पोट धरून हसतात. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले.

एकच गोष्ट चांगली झाली म्हणायची. त्यांची भूक वाढलीये. आठवतं ना, पूर्वी अर्ध्यावर उठायचे, उरलेलं वाढणाऱ्या पोरांना. आता ताट अगदी पुसून घेतात. मासा असो, तारोचा कंद असो, अळूच्या पानातलं नारळाचं दूध असो, बोटानं निपटून खातात. माझी पोरं बिचारी मागे बसून टकमक बघतात आणि मग चुलीपाशी जाऊन मिळेल ते खातात. म्हटलं, तुझ्या हॉटेलानं सवय लावली.

काय झालं ते लिही. आडपडदा नको.

तुझी ताई,
लोसा

*

सिडनी
९ मार्च १९८६

ताई,

विचारलंस म्हणून लिहितो. नाहीतर लिहिणार नव्हतो.

रविवारी चर्चनंतर मी बाबांना हॉटेलात आणलं. खिडकीजवळचं टेबल, जे मी नगराध्यक्षालाही सहजासहजी देत नाही, ते त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. बाबा पांढरा सदरा, टाय घालून आणि कमरेला ती काळी लावालावा गुंडाळून आले. हॉल तुडुंब होता. तुझी भावजय ब्रॉनविन त्यांच्याजवळ बसली. काटासुरी कशी धरायची ते तिनं त्यांना आदल्या दिवशी शिकवलं होतं आणि जेवण संपलं की दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची, हेही सांगितलं होतं. बाबा मन लावून शिकले.

ताई, त्यांना मी स्वतः वाढलं. माझ्याकडे चार वेटर आहेत, पण त्यांच्यातल्या कुणाला मी त्या टेबलाजवळ जाऊ दिलं नाही. आख्खा लाल मासा, आलं आणि नारळाचं दूध घालून. स्वयंपाक्याला बाजूला सारून मी तो स्वतः केला होता. बाबा उठून उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं प्रार्थना म्हटली. आपली, पूर्ण, शेवटच्या आमेनपर्यंत. सगळा हॉल थांबला. लोकांच्या हातात चमचे तसेच. मला वाटलं होतं लाज वाटेल. नाही वाटली. ऊर भरून आला.

मग मी दुसऱ्या टेबलांकडे गेलो. कामच ते. पण मला दिसत होतं, बाबा माझ्याकडेच बघतायत. मी या टेबलावरून त्या टेबलावर, हातावर तीन तीन ताटं, आणि त्यांची नजर माझ्या मागे. मला कळलं ते काय बघतायत ते. मताईचा मुलगा, घराण्याच्या प्रमुखाचा मुलगा, परक्यांची ताटं वाहतोय. मी गाव सोडताना हेच म्हणाले होते ना? "तिकडे जाऊन कुणाची तरी चाकरी करशील." सोळा वर्षांत कधी माझ्या धंद्याला चांगलं म्हटलं नाही. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा म्हणावं, चांगलं करतोस. बाकी काही नको होतं मला.

परत आलो तर काटासुरी शेजारी शेजारी. नीट, ब्रॉनीनं शिकवल्यासारखी. आणि मासा अर्धा तसाच. पोटाकडची बाजू तर हातही न लावलेली. विचारलं, "बाबा, काय झालं? बरं नाही लागलं?" म्हणाले, "चांगलं आहे. मला पुरे."

आमच्या धंद्यात ताट भरलेलं परत आलं ना, की ते तोंडात मारल्यासारखं असतं. पैसे बुडवून गेलेलं गिऱ्हाईक परवडलं. आणि हे तर गिऱ्हाईक नव्हतं.

मी ताट उचललं. आमचं स्वयंपाकघर उघडं आहे, हॉलमधून सगळं दिसतं. तिथे उभा राहिलो आणि मासा कचऱ्याच्या डब्यात खरवडला. त्यांना दिसेल असा. मुद्दाम. ते बघत होते. मग ब्रॉनीला म्हणाले, दमलोय, घरी जाऊ. दुसऱ्या दिवशी तिकीट बदलून मागितलं.

आणि आता तू लिहितेस, तुझ्याकडे ताट पुसून खातात. म्हणजे भूक होतीच ना? फक्त माझ्या हातचं नको होतं. तुझ्या पत्रानं मला काही शंका उरली नाही.

मी आता त्यांना लिहिणार नाही. पैसे दरमहा येतील, काळजी करू नकोस.

लाफाएले

*

वाइतोआ
१३ एप्रिल १९८६

अरे गाढवा,

मी तुझी मोठी बहीण आहे, आणि आपल्यात बहिणीचा शब्द भावानं खाली पडू द्यायचा नसतो, एवढं तरी तुझ्या लक्षात असेल. तर आता खाली बस आणि वाच. हॉटेलातलं काम कुणाला तरी सांग.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला धड रडता येईना, धड तुझ्या थोबाडीत मारता येईना. एक सांग. त्या दिवशी बाबांना कुणी वाढलं? तू वाढलंस. मग त्यांनी अर्धा मासा कुणासाठी ठेवला असेल?

लहानपणी रविवारी आपण बाबांच्या आणि काकांच्या मागे मांडी घालून बसायचो, पंख्यानं माश्या हाकलत, त्यांचं जेवण होईपर्यंत. आणि बाबा ताट मागे सरकवायचे तेव्हा त्यात काय असायचं? हाडं असायची का? माशाचा पोटाकडचा मऊ भाग असायचा. डुकराची कुरकुरीत कातडी असायची. दुसरी माणसं शेपूट ठेवायची, आपले बाबा चांगलं ठेवायचे. ताट आधी तुझ्यापुढे यायचं, कारण पाणी आणायला तू धावायचास. मी तुझ्यावर जळायचे. आणि ते तू विसरलास. सोळा वर्षं परक्यांची ताटं उचलून उचलून आपल्या बापाचं ताट वाचायला विसरलास.

मी बाबांना जाऊन विचारलं. तुझं पत्र दाखवलं नाही, घाबरू नकोस. ते नारळाच्या काथ्याची दोरी वळत बसले होते. म्हटलं, "बाबा, लाफाच्या हॉटेलात तुम्ही मासा का ठेवलात?" हातातला पीळ पूर्ण केला. मग म्हणाले, "पोरगा सकाळपासून उभा होता. पोटाकडचं सगळं ठेवलं त्याच्यासाठी. मोडलंसुद्धा नाही."

"मग?"

"टाकलं त्यानं. मोठा माणूस झालाय तो. माझं उष्टं आता कशाला खाईल?"

आता कळलं ना, इथे ताट का पुसतात ते? मी मूर्ख, म्हणे भूक वाढली. त्यांना वाटतं, आता त्यांचं उरलेलं कुणालाच नको असतं. ठेवायचं आणि पोरांनी नाक मुरडायचं, त्यापेक्षा पोट दुखेपर्यंत संपवलेलं बरं. परवा भरल्या पोटी शेवटचा तारो गिळताना मी त्यांना पाहिलं आणि उठून बाहेर गेले.

आणि तुझ्याकडे का बघत होते म्हणतोस? तेही विचारलं. त्यांचा चेहरा उजळला रे. म्हणाले, "काय वाढतो लोसा तो! हातावर तीन ताटं, एक थेंब सांडत नाही. सगळ्यांवर लक्ष. बापाच्या वेळी मी वाढायचो, पण मला असं कधी जमलं नाही." आपल्यात वाढल्याशिवाय कुणी वडीलधारा होतो का? आधी वाढावं, मगच पुढे बसावं, हे आपल्याला दूध पितानाच शिकवलेलं. तुला चाकर म्हणून नव्हते बघत. त्यांना तुझ्यात पुढचा मताई दिसत होता. तुला हवा होता तो शब्द त्यांच्या तोंडात होता, फक्त तुझ्यापुढे बाहेर पडला नाही. बापांना ते येत नाही. तुलाही येत नाही.

ये. बाबांना जरा खोकला आहे, काही विशेष नाही. पण ये.

लोसा

*

सिडनी
११ मे १९८६

ताई,

तुझं पत्र हॉटेलातच आलं. भाजीच्या कोठीत जाऊन वाचलं. बराच वेळ बाहेर आलो नाही म्हणून ब्रॉनी शोधत आली.  तिला म्हटलं, मी माझ्या बापाचं प्रेम कचऱ्यात टाकलं. ती म्हणाली, "पण ते बोलले का नाहीत?" आता हे तिला कसं समजवायचं? आपल्याकडे कुणी बोलून ठेवतं का? ताट मागे सरकवतात, संपलं.

मला आता सगळं आठवतं. माशाच्या पोटाकडची चरबी बोटांना चिकटायची, ती चव आत्ता जिभेवर आहे.  लोक अन्न टाकतात ते बघवत नाही आणि माझा सगळा धंदाच तो.

मी येतो. पण रिकाम्या हातानं कसा येऊ? इतक्या वर्षांनी मताईचा मुलगा येणार, तर रीतीनं यायला हवं. मांसाच्या डब्यांच्या पेट्या, काकांसाठी कापड, चर्चसाठी काही. जूनभर लग्नांच्या पार्ट्या ठरल्या आहेत, लोकांना शब्द दिलाय. ऑगस्टमध्ये नक्की. बाबांच्या पुढ्यात बसतो, मागे बसतो, म्हणशील तिथे बसतो.

सोबत एक चिठ्ठी आहे, ती त्यांना वाचून दाखव. फार काही नाही त्यात. "बाबा, चुकलो. मला कळलं नव्हतं. येतोय." मला याहून जास्त लिहिता आलं नाही.

खोकल्याला गवती चहा देत जा.

लाफा

*

वाइतोआ
२ जून १९८६

लाफा,

पेट्या नकोत. कापड नको. मिळेल त्या विमानानं ये.

खोकला काही विशेष नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाले, "आजारी म्हणून आला तर तो दया म्हणून येईल. त्याला त्याच्या मनानं येऊ दे." आता ते वचन मी मोडते. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसात पाणी आहे. उठून बसवतही नाही.

काल तालुक्याच्या पोस्टात जाऊन तुझ्या हॉटेलात फोन लावला. लाइन मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला. एका मुलीनं उचलला. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. मी नुसतं तुझं नाव घेत राहिले. ती गोड आवाजात म्हणाली, ते लग्नाच्या पार्टीत आहेत, टेबल हवं आहे का, किती जणांचं? मी "बाबा, बाबा" म्हटलं. ती म्हणाली, किती जणांचं? मग लाइन तुटली.

म्हणून हे पत्र. ओळखीच्या माणसाच्या हाती विमानतळावर पाठवतेय, लवकर पोचेल. ये रे.

लोसा

*

वाइतोआ
२० जुलै १९८६

लाफा,

तू आलास आणि गेलास. समोरासमोर आपण काय बोललो? पाऊस, विमान, लोकांनी आणलेल्या चटया. भाऊ आणि बहीण एकमेकांच्या डोळ्यांत बघून मनातलं बोलत नाहीत, ही आपली रीत चांगली असेल, पण मला तिचा या वेळी राग आला. कागदावर बोलायला बंदी नाही, म्हणून लिहिते.

तू पोचलास तेव्हा बाबांना जाऊन दोन दिवस झाले होते. तुझ्या हातात नुसती एक लहान बॅग होती. तू चटईवर त्यांच्या पायाशी बसलास, आणि मग कुणी उठवेपर्यंत तसाच बसून राहिलास. दफनानंतरच्या जेवणात तू वाढत होतास. उन्हात, उघड्या अंगानं, सगळ्या गावच्या मताईंना. काका म्हणाले, "पुरे, लाफाएले, आता ये, तुझ्या बापाच्या जागी बस." तू ऐकलं नाहीस. काकांना राग नाही आला. त्यांनी डोळे पुसले, मी पाहिलं.

आता ते सांगते जे तुझ्यापुढे माझ्या तोंडून निघालं नाही.

तुझी चिठ्ठी मी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचली. म्हणाले, "चुकलो कशाला लिहितो? त्याला विचार, त्या दिवशी तो जेवला का?" मी म्हटलं, "बाबा, त्याचं स्वतःचं हॉटेल आहे, तो काय उपाशी राहील?" तर म्हणाले, "मी ठेवलं ते त्यानं टाकलं. मग त्यानं खाल्लं काय? सकाळपासून उभा होता." तुझा त्यांना राग नव्हता रे. इतके महिने त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता.

ताप चढला तसं तेच. मला विचारायचे, पाद्र्याला विचारायचे, माझ्या धाकट्या पोरीला विचारायचे. "जेवला का तो?" शेवटच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, लाफाचा फोन आला होता. जेवला होता म्हणाला त्या दिवशी. भात खाल्ला, डब्यातलं मांस घालून."

बाबा हसले. तोंडातल्या तोंडात म्हणाले, "एवढं मोठं हॉटेल, आणि डब्यातलं खातो." मग शांत झोपले. पुन्हा विचारलं नाही.

मी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले. ते माझं मी बघून घेईन. पण आता तू मला खरं सांग. त्या दिवशी तू काही खाल्लं होतंस का?

लोसा

*

सिडनी
१० ऑगस्ट १९८६

ताई,

तू खोटं बोललीस ते फार बरं केलंस. मी तिथे असतो तर मीही तेच बोललो असतो. त्यांना हसू आलं, हे वाचून मी खूप रडलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बहिणीला खरं सांगायचं असतं.

आमच्याकडे वाढणारी माणसं गिऱ्हाईकं उठल्यावरच जेवतात. त्या दिवशी मी पहाटे मासळीबाजारात जाऊन मासा निवडला, मग चर्च, मग चूल. पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. मासा खरवडला तेव्हा पोटाकडचा तुकडा आख्खा निघाला आणि डब्यात अगदी वर पडला. आल्याचा वास आला. तोंडाला पाणी सुटलं. रागात होतो तरी सुटलं. वाकून उचलला असता तर हाताशी होता. पण हॉल भरलेला होता, आणि मी मालक होतो, आणि पलीकडून बाबा बघत होते.

नाही, ताई. काही खाल्लं नव्हतं. मला फार भूक लागली होती.

तुझा,
लाफा